मुलाला खेळणी नकोत, बाकी सगळं हवं

मालवी_माऊ

नमस्कार मंडळी. प्रश्न जुनाच असेल, पण विचारते.

आमचे चिरंजीव पुढच्या महिन्यात तीन वर्षांचे होतील. घरात खेळण्यांनी भरलेला एक मोठा टब आहे. दोन्ही आज्या, आत्या, मामा, बिल्डिंगमधले शेजारी, सगळ्यांची कृपा. बॅटरीवर पळणारी मोटार, गाणी म्हणणारा हत्ती, रिंगा, ठोकळे, अख्खा किचन सेट. स्वारी ढुंकून बघत नाही. हत्ती उलटा करून त्याच्या पोटाचे स्क्रू तेवढे तपासले, झालं.

सकाळी कचरागाडीचं गाणं लांबून जरी ऐकू आलं तरी हातातलं टाकून गॅलरीत पळतो. गाडीवाले भैया कुठला डबा कुठल्या खान्यात रिकामा करतात ते पापणी न हलवता बघतो. गाडी पुढे गेली की घरात आमची गाडी सुरू. स्टूल पालथं घालायचं, चार पायांच्या मध्ये पोळ्यांचा डबा आणि कपड्यांची टोपली बसवायची आणि घरभर ढकलत फिरायचं. प्रत्येकाने आपापला कचरा आणून द्यायचा. आजोबांचा पेपर 'सूखा', केळ्याचं साल 'गीला'. चुकीच्या डब्यात टाकलं तर परत काढायला लावतो. काल माझा चष्मा सूख्यात सापडला.

हे आटोपलं की स्वयंपाकघर. पोहे भिजवताना चाळणी त्यानेच धरायची. शेवेच्या डब्याचं झाकण काढायचं, लावायचं, परत काढायचं.

परवा नणंदबाई आल्या होत्या. तासभर बघून म्हणाल्या, "अगं, हा खेळण्यांशी खेळतच नाही. एकदा डॉक्टरांना दाखवून घे." सासूबाईंनी तिथल्या तिथे निकाल दिला, "ह्याचा बापही असाच होता." त्याने माझं समाधान झालेलं नाही, कारण ह्याचा बाप अजूनही तसाच आहे.

तुमच्याकडे असं मूल आहे का? ह्यात काळजीचं काही असतं का? आणि वाढदिवसाला येणाऱ्यांना 'खेळणी आणू नका' हे वाईट न दिसता कसं सांगायचं?

छप्पनभोगी

चष्मा सूख्यात? इंदुरात राहून? आपल्याकडे सहा प्रकार आहेत ताई. ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घरगुती घातक आणि ई-कचरा. मुलाचं ट्रेनिंग अर्धवट सोडू नका. (हलके घ्या.)

रामबागची_आज्जी

माऊ बेटा, अजिबात काळजी करू नकोस. आमच्या वेळी खेळणी होती कुठे? आणि तरी दिवस पुरायचा नाही.

आमचा वाडा मल्हारगंजात. श्राद्धपक्ष लागला की गल्लीतल्या मालवी मैत्रिणी भिंतीवर संजा मांडायच्या. ताजं शेण आणायचं, भिंतीचा तुकडा सारवून घ्यायचा आणि रोज नवीन आकृती. चंद्र, सूर्य, पाटला, बीजणा म्हणजे हातपंखा. वर गुलबक्षीच्या नि झेंडूच्या पाकळ्या चिकटवायच्या. शेवटाला मोठा किलाकोट, म्हणजे किल्ल्याची आकृती. आम्ही मराठी मुली, आमच्याकडे नवरात्रात भोंडला, पण संजेला आम्ही सगळ्यांच्या आधी हजर. शेणाचे हात घेऊन घरी आलं की आईची बोलणी. लहान भावंडांना आकृती जमायची नाही, ती नुसती शेणाचे गोळे वळत बसायची. त्यातच त्यांचा दिवस जायचा. कुणी त्यांना डॉक्टरकडे नेलं नाही.

तुझा लेक घरातल्या माणसांसारखं करून राहिलाय. करू दे.

रानीपुरा_एक्सप्रेस

आज्जी, मुजरा. पण 'खेळणी होती कुठे' हे मान्य नाही. आमचं खेळण्यांचं दुकान आहे, आजोबांपासून. नर्मदाकाठच्या बुधनीची लाकडी खेळणी यायची. लाखेने रंगवलेले भोवरे, खुळखुळे, चाकाचे घोडे, छोटी पोळपाट-लाटणी. पांगुळगाडा तर प्रत्येक घरात होता, एक मूल चालायला लागलं की तो पुढच्या घरी जायचा. खेळणी होती, कमी होती, आणि एकट्याची नव्हती एवढंच.

आता आतली गोष्ट. गिऱ्हाईक खेळणं मुलासाठी घेत नाही, मुलाच्या आईबापांना दाखवण्यासाठी घेतं. पहिला प्रश्न कायम, "पाचशेत सगळ्यात मोठा डबा कुठला?" मूल सोबत असेल तर ते आमच्या काउंटरखाली रिकाम्या खोक्यात बसलेलं असतं, आणि वर काका त्याच्यासाठी हेलिकॉप्टर पसंत करत असतात.

गाणी म्हणणारा हत्ती मुलाला का नको, त्याचं कारण साधं आहे. तो एकच काम करतो, आणि तेही स्वतःच करतो. बटण दाबलं की मुलाचं काम संपलं. पण म्हणून सगळी खेळणी वाईट असं नाही. ठोकळे टाकू नका. आज नको असतील, चार महिन्यांनी त्याच ठोकळ्यांचा कचरा होईल आणि गाडीत भरला जाईल.

आणि घेणाऱ्यांनी एक बघा. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे. नोंदणीकृत कारागिरांच्या हस्तकलेला तेवढी सूट आहे. फुटपाथवरची बिनमार्काची प्लास्टिकची झगमग घेऊ नका, रंग तोंडात जातो.

छप्पनभोगी

"पाचशेत सगळ्यात मोठा डबा." माझ्या लग्नाच्या आहेरालाही हेच तत्त्व लावलं होतं लोकांनी.

बोलकी_बाहुली

मी लहान मुलांच्या वाचा आणि भाषेवर काम करते, म्हणून जरा सविस्तर. इथे लिहिलेलं वाचून कुठल्याही मुलाचं निदान होत नाही, हे आधी सांगते.

मूल काय घेऊन खेळतं याला आम्ही फार महत्त्व देत नाही, कसं खेळतं ते बघतो. पालथ्या स्टुलाची गाडी करणं म्हणजे एका वस्तूला दुसरी समजणं. अडीच वर्षांच्या सुमाराला हे यायला लागलेलं असावं अशी अपेक्षा असते. प्रत्येकाकडून कचरा मागणं म्हणजे माणसांना खेळात ओढणं. चुकलं की परत काढायला लावणं म्हणजे नियम डोक्यात आहे. खेळणी आवडत नाहीत हे एकटं काळजीचं लक्षण धरत नाहीत.

काळजी कशाची? वर्षाचं झालं तरी नावाने हाक मारल्यावर वळत नाही. दीड वर्षाचं झालं तरी हवं ते बोटाने दाखवत नाही, किंवा 'ते बघ' म्हणून तुमचं लक्ष वेधत नाही. येत असलेले शब्द गळून गेले, मग वय कितीही असो. एकच चाक तासन्‌तास फिरवत बसतं, मध्ये कुणी आलेलं चालत नाही आणि दुसरं काही सुचतच नाही. यातलं एक दिसलं म्हणजे लगेच काही ठरत नाही, पण 'मोठं होईल तसं होईल नीट' म्हणून वर्ष घालवू नये. बालरोगतज्ज्ञांना विचारावं. खर्चाची अडचण असेल तर २०१३ साली सुरू झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. अंगणवाडीत आणि सरकारी शाळांत पथकं येऊन मुलं तपासतात आणि पुढची तपासणी जिल्ह्याच्या केंद्रात मोफत होते.

माऊ, तो बोलतो कसा? बोट दाखवतो का?

मालवी_माऊ

दिवसभर दाखवतो. बोट कमी आणि हुकूम जास्त. "आजी, कचरा डालो ना!" हे त्याचं सध्याचं सगळ्यात लांब वाक्य. अर्धं हिंदी, अर्धं मराठी. सोसायटीतल्या मुलांशी हिंदी, आजीशी मराठी, गाडीशी दोन्ही.

नणंदबाईंना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवते. तरी तीन वर्षांच्या लसीकरणाच्या... म्हणजे वजन-उंची बघायला जाऊ तेव्हा डॉक्टरांना विचारतेच एकदा.

बोलकी_बाहुली

जरूर विचारा. नणंदेने सांगितलं म्हणून रागाने टाळू नका, तेही फार बघते मी.

संशयात्मा

खेळणी कमी केली की मुलं जास्त खेळतात, ह्यावर एक अभ्यास आहे. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठाचा, २०१८ साली प्रसिद्ध झाला. चालायला लागलेल्या ३६ मुलांना एकदा ४ खेळणी देऊन खेळू दिलं, एकदा १६. चार असताना मुलं एकेका खेळण्यापाशी जास्त वेळ थांबली आणि त्याच्याशी जास्त तऱ्हांनी खेळली. म्हणजे टब भरलेला असणं हाच अडथळा असू शकतो. एक चादर घाला त्याच्यावर, तीनचार वस्तू बाहेर ठेवा, पंधरवड्याने बदला.

खटपट्या_काका

३६ मुलं? आमच्या सुदामानगरच्या एका गल्लीत संध्याकाळी एवढी निघतात. त्यावरून जगभरच्या पोरांचं ठरवायचं म्हणजे जरा जास्तच.

संशयात्मा

अभ्यास लहानच आहे, म्हणून तर आकडा आधी सांगितला. पण चादर घालायला फुकट आहे, करून बघायला काय जातं?

महूचा_मास्तर

विषय निघालाच आहे तर. १९०७ साली रोमच्या सान लोरेन्झो ह्या गरीब वस्तीत मारिया मोंतेसोरी यांनी पहिलं बालगृह काढलं. तिथे छान छान खेळणी ठेवलेली होती. मुलांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली. हात धुणं, टेबल पुसणं, वस्तू जागच्या जागी लावणं ह्यात ती रमायची. बाईंनी त्यावरून पद्धतच उभी केली.

आपल्याकडे ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर ह्याच पद्धतीने काम करत होत्या. पुढे बोर्डीला आणि कोसबाडला गेल्यावर त्यांच्या आणि अनुताई वाघांच्या लक्षात आलं की ही महागडी साधनं आदिवासी पाड्यांवर परवडणारी नाहीत. मग शिंपले, बिया, गोटे, पानं, काटक्या. मुलं गुरं राखायला गेली तर शाळा कुरणात. मोजायला चिंचोके असले तर कुणाचं काय अडतं?

माऊताईंच्या घरी जे चाललंय त्याला शाळांत हल्ली वर्षाला लाखभर रुपये घेतात.

लसूणसेव

मास्तर, शेवटच्या वाक्याला शंभर टक्के अनुमोदन. आमच्याकडच्या एका शाळेत 'व्यावहारिक जीवन कौशल्ये' म्हणून मुलांना वाटाणे सोलायला देतात आणि त्याची फी वेगळी.

तारा_तुटली

थोडा विरोध करते. मोंतेसोरीबाईंना खोटंखोटं खेळणं फारसं पसंत नव्हतं, खरी कामं द्यावीत असं त्यांचं म्हणणं. आता माऊच्या लेकाचा खेळ बघा. कचरा खरा, पण गाडी खोटी. दोन्ही एकत्र चाललंय आणि मजा तिथेच आहे. त्यामुळे सगळं एका बाईंच्या नावावर जमा करू नका, मास्तर.

महूचा_मास्तर

मान्य. पण खऱ्या कामाची ओढ असते हे खरंच. व्हर्जिनिया विद्यापीठात तीन ते सहा वर्षांच्या मुलांना विचारलं होतं की भाजी खरी कापायला आवडेल की खोटी. बहुतेक कामांत बहुतेक मुलांनी खरी मागितली.

निपानियाची_नीता

हे सगळं वाचून माझं डोकं उठलंय, तर स्पष्टच लिहिते.

माऊच्या घरी आजी आहे, आजोबा आहेत, कचरा द्यायला चार माणसं आहेत. आमचा फ्लॅट बायपासजवळ. नवरा सकाळी आठला पीथमपूरला जातो, रात्री आठला येतो. मी घरून काम करते. लेक साडेतीन वर्षांची. तिलाही कणीक पाहिजे, पाणी पाहिजे, माझा लॅपटॉप पाहिजे. खेळणी तिलाही नकोत, कारण तिला मी पाहिजे. मिटिंग चालू असताना मी तिला कणीक देऊन मोकळी सोडू शकत नाही, एकदा तिने भिजवलेला सगळा गोळा सोफ्याच्या फटीत भरला होता. अशा वेळी मला बटण दाबल्यावर वीस मिनिटं गाणारा हत्ती पाहिजे असतो, आणि तो विकत घेतल्याबद्दल मला कुणाचं प्रवचन नको असतं.

'खेळण्यांची गरजच नाही' म्हणणाऱ्या घरात कुणीतरी बाई दिवसभर मोकळी असते. किंवा मोकळी आहे असं बाकीच्यांनी धरलेलं असतं.

रामबागची_आज्जी

नीता, तुझं खरं आहे गं. आमच्या वाड्यात मूल कुणाकडे आहे ते आईला संध्याकाळी कळायचं. चौदा बिऱ्हाडं होती. तेव्हा आम्ही मुलांना वेळ दिला म्हणतो तो काही आमचा एकटीचा नव्हता.

रानीपुरा_एक्सप्रेस

नीताताई, ह्या अख्ख्या धाग्यावर माझ्या धंद्याची बाजू फक्त तुम्ही घेतलीत. हत्ती पाठवू का एक?

निपानियाची_नीता

पाठवा, पण आवाज कमी करायचं बटण असलेला.

तारा_तुटली

नीता, माझी अशीच गत होती. कणकेऐवजी सिंकजवळ स्टूल, खाली जुना टॉवेल, दोन वाट्या, एक गाळणी आणि तांब्याभर पाणी एवढंच. जमीन ओली होते, पण सोफा वाचतो. मात्र मी त्याच खोलीत कॅमेरा बंद करून बसायचे. पाठ फिरवून दुसऱ्या खोलीत जायचं नाही.

धुरंधर_बाबा

'पाठ फिरवायची नाही' ह्यावर जोर देऊन लिहितो, कारण इथे कुणी बोललंच नाही.

आमचा मुलगा डाळ-तांदूळ खेळायचा. एका वाटीतून दुसऱ्या वाटीत, चमच्याने, अगदी शांतपणे. सगळे कौतुक करत होते. एका संध्याकाळी नाकातून घाण वास यायला लागला आणि एकाच बाजूने शेंबूड. सर्दी म्हणून आम्ही काढा देत बसलो. शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी चिमट्याने हरभरा काढला. फुगून दुप्पट झालेला. ते म्हणाले, "नशीब समजा, नाकात गेला. श्वासनलिकेत गेला असता तर?" शेंगदाणा, फुटाणा, हरभरा, हे लहान मुलांच्या खेळातून बाहेर. खाण्यातही चार-पाच वर्षांपर्यंत अख्खे नकोत.

खेळण्यांवर निदान वय लिहिलेलं असतं. घरातल्या वस्तूंवर नसतं. खेळण्यांच्या तपासणीत तीन वर्षांखालच्यांसाठी एक छोटी नळी वापरतात, ३.१७ सेंमी व्यासाची. त्यात जे पूर्ण मावतं ते चालत नाही. घरी त्याच डोळ्याने बघा. बाटलीची टोपणं, नाणी, पेनाची बुचं.

सगळ्यात घातक म्हणजे रिमोटमधला आणि वजनकाट्यातला गोल चपटा सेल. गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत भाजायला सुरुवात होते. घरी उलटी काढत बसायचं नाही, थेट इस्पितळ. आणि पाण्याने भरलेली बादली. मूल डोकं खाली करून पडलं तर काही इंच पाणी पुरतं, आणि आवाजही होत नाही.

मालवी_माऊ

बाबा, हे वाचून लगेच उठून बाथरूममधली बादली पालथी घातली. इंदुरात नळ एक दिवसाआड, त्यामुळे पाणी भरून ठेवायची सवय हाडात भिनलेली. आता झाकणाचा ड्रम.

लसूणसेव

वेगळा मुद्दा. आमच्या मुलाला झाडू आवडतो. पाहुण्यांसमोर हॉलमध्ये झाडायला लागतो. परवा आमच्या एका ज्येष्ठ नातेवाइकांनी सगळ्यांसमोर विचारलं, "काय रे, मोठेपणी झाडूवाला होणार का?" आणि हसले. मुलाला काही कळलं नाही, तो 'हो' म्हणाला. मला मात्र त्या हसण्याचा राग आला. स्वच्छतेत शहराचा पहिला नंबर आला की हेच स्टेटस लावतात.

खटपट्या_काका

२०१७ पासून पहिला नंबर ज्यांच्या जिवावर येतोय त्यांना आपण पेपरात सफाईमित्र म्हणतो आणि घरात मुलाला त्यांच्या नावाने भीती घालतो. मुलं आपल्यापेक्षा बरी. त्यांना गाडीवाला हा गल्लीतला सगळ्यात मोठा माणूस वाटतो. गाडी त्याची, गाणं त्याचं, आणि सगळं गाव त्याच्याकडे पळत येतं.

तारा_तुटली

काका, एकदम पटलं. आणि मुलाने झाडू घेतला की हसतात, मुलीने घेतला की 'किती गुणाची' म्हणतात. आमच्या घरी दोन्ही आहेत, दोन्ही ऐकतो.

छप्पनभोगी

माझी भाची 'डॉक्टर-डॉक्टर' खेळते. सगळे खूश. खेळ काय, तर ती मोबाईल बघत बसते आणि आम्हाला बाहेर बसवून ठेवते.

मिलवाला

धाग्याला जरा वळण देतो. आमचं घर जुन्या मिल भागात. गिरण्या कधीच्या बंद झाल्या, पण अनंत चतुर्दशीची झांकी, म्हणजे चित्ररथांची मिरवणूक, अजून निघते. आमच्या दोन्ही पोरांचा वर्षभराचा खेळ तो एकच. थोरला सात वर्षांचा, धाकटी तीनची. दुकानातून खोकी आणायची, दोरी बांधायची, वर कृष्ण नाहीतर हनुमान. हनुमान म्हणजे धाकटी. तिने हलायचं नाही, फक्त हात वर-खाली करायचा, कारण झांकीतले पुतळे तसेच हलतात. थोरला तोंडाने ढोल वाजवत दोरी ओढतो. मागच्या वर्षी मी हौसेने दिव्यांची माळ आणि रिमोटची गाडी आणून दिली. माळ घेतली. गाडी उघडून मोटर काढली आणि हनुमानाच्या हाताला लावायला बसले. जमलं नाही. मग धाकटीला परत उभं केलं.

रानीपुरा_एक्सप्रेस

मिलवाला भिया, मोटर लावायची असेल तर पोरांना दुकानावर घेऊन या. मोडक्या खेळण्यांचं एक पोतं आहे माझ्याकडे, त्यातून पाहिजे ते काढा. पैसे नकोत.

महूचा_मास्तर

ह्यालाच म्हणतात माणूस. टाकाऊतून खेळणी करणारे अरविंद गुप्ता यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. तुमच्या पोत्याचंही नाव पाठवू या.

मालवी_माऊ

वाढदिवसाचं मात्र कुणीच सांगेना. अठरा माणसं येणार आहेत.

रामबागची_आज्जी

काही सांगू नको बेटा. देणाऱ्याचं मन मोडू नये. घ्यायचं, नमस्कार करायला लावायचा, आणि आठ दिवसांनी काय ठेवायचं ते तुझं तू ठरव.

निपानियाची_नीता

आज्जी, मी उलट. मी सरळ ग्रुपवर टाकलं होतं की खेळण्याऐवजी एक तास घेऊन या. दोघांनी मनावर घेतलं. मावशी तिला कुल्फी खायला सराफ्याच्या खाऊबाजारात घेऊन गेली, आणि मी दोन तास झोपले. आजवरची सगळ्यात भारी भेट, तिला नाही, मला.

संशयात्मा

बाकीच्यांनी काय केलं?

निपानियाची_नीता

बाकीच्यांनी हत्ती आणले.

मालवी_माऊ

वाढदिवस झाला, खबर देते.

ग्रुपवर काही टाकलं नाही, आज्जींचं ऐकलं. भेटी आल्या त्यातली चित्रांची पुस्तकं आणि चेंडू बाहेर ठेवले, बाकी वर माळ्यावर. टबावर चादर घातली, संशयात्मांचा उपाय. ठोकळे खरंच बाहेर आले, पण टोपलीत भरायला.

आलेल्या सगळ्या मुलांनी गाडीचा ताबा घेतला. क्रीम लागलेला कागदी द्रोण गीला की सूखा ह्यावर पाच वर्षांखालच्या मंडळींचं एवढं भांडण झालं की यजमानांना मध्ये पडावं लागलं. नणंदबाईंनी द्रोण गोळा केले, त्यांना गाडीवर हेल्पर म्हणून घेतलं होतं. डॉक्टरांनाही दाखवून झालं. त्यांनी त्याच्याशीच गप्पा मारल्या, वजन-उंची घेतली आणि काळजीचं काही दिसत नाही म्हणाले. नणंदबाई सोबत होत्या, बरं झालं.

सगळ्यात चाललेली भेट काकासासऱ्यांची. त्यांच्या बंद झालेल्या किराणा दुकानातला जुना हातातला तराजू, पितळी पारड्यांचा. गाडीचं काम संपलं की आता घरातल्या प्रत्येक वस्तूचं वजन. आजोबांची चप्पल विरुद्ध माझा फोन. चप्पल जिंकली.

मिलवाला

तराजू! हा कुठे मिळेल? धाकटीला पाहिजेच.

खटपट्या_काका

बर्तन बाजारात विचारा. नवे लोखंडी मिळतील. पितळी पाहिजे असेल तर एखाद्या बंद पडलेल्या दुकानाच्या मालकाशी गोड बोला.

धुरंधर_बाबा

दांडीच्या टोकाचे हुक बोथट आहेत ना ते बघून घ्या, आणि साखळीऐवजी जाड सुतळी बांधा. वजनं लहान घेऊ नका, पन्नास ग्रॅमच्या आतली सरळ तोंडात जातात. त्याऐवजी बटाटे द्या.